बाळाची शुगर

आमच्या घरात माझ्या शुगरचं नाव 'बाळाची शुगर' पडलं होतं. सहावा महिना लागला तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून माझं रक्त तपासलं. गरोदरपणातला मधुमेह निघाला. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. "अवं माय, लेकराले आतापासूनच शुगर?"

मग जे काही केलं ते बाळासाठी. सासूबाई माझ्या ताटातला भात स्वतः कमी करायच्या. संत्र्याच्या दोन फोडी हातावर ठेवून बाकीचं संत्रं उचलून न्यायच्या. मी इन्सुलिनची सुई टोचायला बसले की तोंड फिरवून म्हणायच्या, "सहन कर वं, लेकरासाठी करून राहिली ना." बाई मनानं इतकी चांगली की चिडायचीही सोय नाही, आणि त्याचाच मला वैताग यायचा. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला, बोटं टोचून टोचून हुळहुळी झालेली. येणारा-जाणारा विचारायचा, बाळ कसं आहे? मी म्हणायचे, मजेत आहे. मी थकून गेले होते, पण ते विचारतं कोण!

बाळ अंगानं मोठं, त्यात माझा रक्तदाब. शेवटी सिझेरियन झालं. मुलगी. नर्सनं तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, शुगर व्यवस्थित आली. सासूबाईंनी वॉर्डभर पेढे वाटले. "गेली वं शुगर!" हसायला आलं, तर टाके दुखले.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सव्वा महिन्यानं तुमची तपासणी पुन्हा करायची, हा मधुमेह पुढे परत येऊ शकतो. सव्वा महिना केव्हाच उलटला. पाहुणे, पोरीची लस, तिची जागरणं. माझी तपासणी आज-उद्या करत राहून गेली. शेवटी एका सकाळी उपाशीपोटीच निघाले. दारात सासूबाई लेकीला खांद्यावर घेऊन उभ्या.

"कुठं चालली वं?"

"शुगर तपासाले."

त्या घाबरल्या. पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "काहून? काय झालं इले?"

"तिले काही नाही, आई. माझी तपासायची आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुले?" त्या म्हणाल्या. "तुले कधीपासून झाली वं?"