घाटावर विचारलेला प्रश्न

देवावर माझी श्रद्धा आहे, पण त्या वर्षी ती नुसती सवय होऊन राहिली होती. सुरतच्या कापड बाजारात मी साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करतो. काम मंदावलं होतं, आठवड्यातले चारच दिवस बोलावणं यायचं. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. आणि घरात आप्पा होता, माझा मोठा भाऊ. मला धुळ्याकडून इकडे त्यानंच आणलं, लूमवर पहिलं काम त्यानंच मिळवून दिलं. पुढे त्याच्या कानात आवाज येऊ लागले, काम सुटलं, बोलणं जवळजवळ बंद झालं. तेव्हापासून वीस वर्षं त्याचं खाणंपिणं, कपडे, औषधं माझ्याकडे आहेत. तक्रार कधी केली नाही. आत मात्र थकलो होतो.

सुरतबाहेर कडोदऱ्याजवळ अशा माणसांना ठेवून घेणारा एक आश्रम आहे, असं कानावर आलं. एकटाच जाऊन बोलून आलो. श्रावण संपला की आप्पाला आणून सोडतो म्हणालो. बायकोला सांगितलं नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, एका दिवसासाठी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. बायकोनं आप्पाच्या नावाचे काढले, तेव्हा पुढच्या वर्षी एवढे लागणार नाहीत, असा विचार मनात आला. देवीसमोर बसलेलो असताना आला, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला आम्ही तापीवर गेलो. घाटावर आमच्यासारखी खानदेशी कुटुंबं शेकड्यांनी होती, ढोलताशात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. बायको पूजेचं ताट घेऊन पुढे होती, आप्पा माझ्या मागे. पायऱ्यांवर एकदा वळून बघितलं तर तो नव्हता.

मी शोधायला गेलो नाही. तिथेच उभा राहिलो. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आता कुणाला काही सांगावं लागणार नाही, आपण सोडला नाही, तोच गेला, असं मनात आलं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग समोरून एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावरच्या पाटावर तिच्या घरची कानबाई, एक हात पाटाला. दुसऱ्या हातानं तिनं आप्पाचं मनगट धरलं होतं. मला म्हणाली, "हाऊ तुमना भाऊ शे का?"

नाही म्हणालो असतो तर तिला खरंच वाटलं असतं. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

"हा, मना शे," मी म्हणालो.

"हाऊ मले सांगे, मना भाऊ गर्दीम्हा हराई गया, त्याले एकट्याले घर सापडाव नही. म्हणीसन तुमले धुंडत लई उनू त्याले."

आप्पा हरवला नव्हता, त्याच्या लेखी मी हरवलो होतो. वर्षानुवर्षं परक्याशी एक शब्द न बोललेला माणूस तिच्याशी एवढं बोलला होता. जाता जाता तिनं सांगितलं, तिच्या दिराचंही असंच आहे, सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, पुढच्या सोमवारी आणा. पाट सावरत ती पाण्याकडे गेली. नाव विचारायचं राहिलं.

सोमवारी आप्पाला घेऊन गेलो. औषधं मिळाली. वीस वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं. आपलं आपण निभावायचं, यात एक प्रकारचा अहंकार होता. पुढे चुलत भावांनाही मोकळेपणानं सांगितलं. एक जण आता दर महिन्याला त्याला दवाखान्यात नेतो. आश्रमाला नको म्हणून कळवलं. ओढाताण आहेच, ती संपली असं म्हणणार नाही.

महिनाभरानं बायकोला सगळं सांगितलं, आश्रमाचं आणि घाटावर उभा राहिलो तेही. ती भाजी निवडत होती.

"आप्पा मागे राहिले ते मी बघितलं होतं," ती म्हणाली. "मीही तुम्हाला हाक मारली नाही."

मीही तिच्याजवळ बसून भाजी निवडू लागलो. घाटावरची ती बाई कोण होती याचा मी शोध घेतला नाही. कानबाईनं आम्हा दोघांचं मन पाहिलं होतं आणि तरीही आप्पाला परत हाती दिलं. शरण जायला मन आधी स्वच्छ असावं लागतं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.