छतावरचा पत्रा

हिंगण्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं ट्रकची इंजिनं दुरुस्त केली, तिथल्या फोरमनचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं. वय वाढलं की राग निवळतो, असं लोक सांगतात. माझा निवळलेला नाही. निवळावा असं वाटतही नाही.

आमच्या शेडमध्ये धूर ओढायची यंत्रणा होती. छताजवळ मोठा पंखा, त्याला जोडलेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला रबरी तोंड. इंजिन सुरू करण्याआधी ते तोंड सायलेन्सरवर चढवायचं, बटण दाबायचं, की धूर छताबाहेर. तसं न करता बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये, अशी पाटी भिंतीवर होती. पाटीखाली फोरमनचीच सही होती.

त्या डिसेंबरात सकाळी बोटं आखडायची, म्हणून शटर खाली ओढून आम्ही काम करायचो. रोज दहा-अकरापर्यंत माझं डोकं ठणकायला लागायचं. मी फोरमनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मोबाईल कमी पाहत जा. पंखा चालून राहिला न? आवाज येते न?"

आवाज येत होता, हे खरं.

माझे जोडीदार कामठीहून यायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे; हे काम मला त्यांनीच शिकवलं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्या दिवशी नळी सायलेन्सरवर चढवून, पंखा लावून ते ट्रकखालच्या खड्ड्यात उतरून गळती शोधत होते आणि मी वर ट्रकच्या केबिनमध्ये बसून त्यांच्या सांगण्याप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन रेझ करत होतो. थोड्या वेळाने खालून आवाज येईना. मी दोनदा हाक मारली. मग इंजिन बंद केलं, शटर वर फेकलं आणि बाहेर काम करणाऱ्या दोघांना ओरडून बोलावलं. भाऊ खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली. त्यांना उचलून बाहेर उन्हात आणलं, तेव्हा ते भडाभडा ओकले.

फोरमन आला आणि पहिलं वाक्य बोलला, "उपाशी आला असन."

कंपनीची गाडी भाऊंना दवाखान्यात घेऊन गेली. मी नळी सायलेन्सरवरून काढली, पंखा चालूच ठेवला आणि नळीच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद चिकटायला हवा होता. तो जमिनीवर पडला.

मी शिडी लावून छतावर चढलो. धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपाच्या तोंडावर पत्रा ठोकला होता. चारही कोपऱ्यांत स्क्रू, आणि स्क्रू गंजलेले. समोर दोन हातांवर मॅनेजरच्या नव्या केबिनची खिडकी होती. आमचा धूर पंख्यापर्यंत जाऊन नळीच्या सांध्यांतून परत आमच्याच अंगावर येत होता, आणि गाडी रेझ करणारा पाय माझा होता.

पत्रा काढून मी फोरमनच्या टेबलावर आपटला.

"कोणाले विचारून काढला?"

"लावला कोणाले विचारून?"

"साहेबाच्या केबिनीत वास जात होता. दोन दिवसांसाठी लावला होता गा."

"दोन दिवसांत स्क्रू गंजते?"

त्याने पत्रा उचलून टेबलाखाली सरकवला आणि मला हात धुऊन यायला सांगितलं.

आठवडाभरात पाइप छताच्या वर उंच नेला, तोंड मोकळं झालं. मला मात्र गाड्या धुण्याच्या रॅम्पवर पाठवलं. मग कळलं, की त्या दिवशी आपण उपाशीपोटी कामावर आलो होतो, असं भाऊंनी लिहून दिलं. मी कामठीला त्यांच्या घरी गेलो.

"भाऊ, काहून सही केली?"

"मले अजून चार वर्षं काढाची हायेत तिथं. तुले कोण सांगतलं होतं छतावर चढाले?"

"तुमी मेले असते."

"मेलो का?" ते म्हणाले. "तू आपलं पाह्य."

वहिनींनी चहा आणला होता. मी तो न पिताच उठलो. मार्चमध्ये नोकरी सोडली.

भाऊ निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचं बोलावणं आलं. मी गेलो नाही. फोरमन त्यांच्या खांद्यावर शाल घालतोय आणि भाऊ हसताहेत, असा फोटो कुणीतरी पाठवला. मी तो पुसून टाकला आणि पाठवणाऱ्याला पुन्हा असलं काही पाठवू नको म्हणून सांगितलं.