उष्टावणाचा तांदूळ

वडिलांनी आत्याचं तांदळाचं पोतं बसमधून उतरवलं तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते.

आम्ही दोघी तिरुचीला निघालो होतो. आत्याच्या मुलीच्या बाळाचं उष्टावण होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती तिरुवैयारूला राहायची, आणि कालव्याच्या कडेला तिची स्वतःची शेती होती. नातवाच्या तोंडी पहिला घास आपल्या शेतातल्या तांदळाचा पडावा, एवढीच तिची हौस. पण त्या काळी आमच्या तंजावूर जिल्ह्यातून भात किंवा तांदूळ परवान्याशिवाय बाहेर न्यायला बंदी होती. हद्दीवर चेकपोस्ट होतं आणि तिथे माझे वडील अधिकारी होते.

बस थांबली, वडील वर चढले. आम्हाला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली आणि लगेच पुसली गेली. सीटखाली बोट दाखवून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "हे पोतं कुणाचं?"

आत्याने आमच्या घरच्या, तंजावूरच्या मराठीत उत्तर दिलं, "तुझ्या अक्काचं."

"परवाना आहे?"

"अरे, उष्टावणाला चाललेय. तुलाही बोलावलंय ना!"

आता वडीलही मराठीवर आले. "अक्का, मागच्या बाईची पिशवी आत्ताच उतरवली. तुझं कसं सोडू?"

आत्या उभी राहिली. "माझ्या शेतात पिकलेलं माझ्या नातवाला भरवायला सरकारला विचारायचं? आणि सरकार म्हणजे कोण, तर तू?"

वडिलांनी शिपायाला खूण केली. पोतं खाली गेलं, बस सुटली. मी मागे वळून पाहिलं, तर वडील पुढच्या गाडीकडे चालले होते.

मला धक्का बसला तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा. चेकपोस्टवरचा चहासुद्धा ते स्वतःच्या पैशाने पीत, आणि कॉलेजात मी हे अभिमानाने सांगत असे. एखादा लाचखाऊ अधिकारी असता, तर आत्याने त्याच्या हातावर काही टेकवलं असतं आणि तांदूळ नातवापर्यंत पोचला असता. हा विचार मनात आला आणि माझीच मला भीती वाटली.

तिरुचीत उतरल्यावर आत्या तांदळाच्या पहिल्या दुकानात शिरली. दुकानदाराने तांदूळ तळहातावर घेऊन दाखवला. "एकदम चांगला, अम्मा. तंजावूरचा."

"तंजावूरचा?" मी ओरडलेच. "तो इथे कसा आला?"

"लॉरीतून," तो म्हणाला. माझ्या प्रश्नाचंच त्याला नवल वाटलं. "मोठ्या व्यापाऱ्यांना परवाना मिळतो ना!"

भाव आमच्याकडच्या दीडपट होता. आत्याने तांदूळ घेतला. उष्टावण छान झालं, बाळाने अर्धा घास थुंकून टाकला आणि सगळे हसले. आत्याही हसली, पण वडिलांचं नाव तिने काढलं नाही.

मी मात्र घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. वडिलांचा हात पानातच थांबला.

"त्या लॉऱ्या मीच सोडतो," ते हळू म्हणाले. "त्यांचे कागद बरोबर असतात."

आई म्हणाली, "भात थंड होतोय."

वर्षभरातच बंदी उठली. देशात तेव्हा उदारीकरणाने एकेक दार उघडत होतं, त्यात आमच्या जिल्ह्याचंही उघडलं. हुकूम आला, चेकपोस्ट बंद झालं आणि वडिलांची बदली सरकारी गोदामातल्या टेबलावर झाली. आता सगळा तांदूळ मद्रासला जाणार, इथल्या गरिबांच्या चुली विझणार, असं ते आम्हाला बजावत राहिले. इतकी वर्षं त्यांना हेच सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ते मनापासून मानलं होतं. रोज संध्याकाळी राजवाड्याजवळच्या बाजारात जाऊन ते भाव विचारत. कधी भाव थोडा चढे, कधी उतरे. दुकानांत तांदूळ होता, रेशनवरही होता.

"काहीच झालं नाही," एका संध्याकाळी ते पायरीवर बसत म्हणाले. असा हादरलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. काही वाईट झालं असतं तर त्यांना सोसलं असतं, असं मला आजही वाटतं.

सरकार नकोच, असं मी म्हणत नाही. रेशनच्या तांदळावर जगलेली घरं आमच्या गल्लीत होती. पण भल्या माणसाला बहिणीसमोर असं उभं करणारा नियम खरंच कुणाचं पोट भरत होता का, हे कुणी तपासलं होतं? मी पुढे अनेकांना विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळनंतरच्या रविवारी वडील मला घेऊन तिरुवैयारूला गेले. पोतं उतरवलं त्या दिवसापासून आत्या आमच्याकडे आली नव्हती. ओसरीवर बसून त्यांनी तिला लॉऱ्यांचं सगळं सांगितलं.

आत्या म्हणाली, "पोत्याचं मला काही नाही रे. तू मला 'परवाना आहे?' विचारलंस, ते लागलं."

"मी कुठे विचारलं, अक्का? नियम होता."

"नियमाला तोंड नसतं. ते तुझंच होतं."

आत्याने आत जाऊन पानं मांडली आणि आम्ही जेवलो. ती त्यांना वाढत होती, पण जवळ बसली नाही. पहिल्यासारखं व्हायला त्या दोघांना पुढे बरीच वर्षं लागली.

परतीच्या बसमध्ये मी माझ्या परीक्षेचा विषय काढला. त्यांच्याच आग्रहाने मी सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. "फॉर्म भरायचा आहे. भरू ना?"

"तुझं तू ठरव," ते म्हणाले.

आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.