सेल्समन म्हणून लिहा

ह्यांना सौदीतल्या खमीस मुशैतच्या शाळेत पोरांना इतिहास शिकवायला ठेवलं होतं. लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. पण स्वस्थ बसतील तर शपथ. रत्नागिरी-रायगडची माणसं या डोंगरावरच्या गावात कशी आली, पहिलं दुकान कुणी थाटलं, पहिला शिंपी कोण, हे सगळं लिहून ठेवायचं ह्यांच्या डोक्यात बसलं. म्हणायचे, राजांचा इतिहास लिहायला पगारी माणसं असतात, आपला कोण लिहिणार? मी म्हणायचे, आपला वाचणार तरी कोण? आमच्याच पोरांना मराठी धड वाचता येत नव्हतं. ‘अब्बू, इट्स सो लाँग,’ म्हणून ती उठून जायची.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की हे कुणा ना कुणाच्या खोलीवर जाऊन बसत. नियम एकच. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या माणसाच्या तोंडून आपसूक आल्याशिवाय कागदावर उतरवायची नाही. या हट्टापायी एका म्हाताऱ्याशी कायमचं वाकडं आलं. तो म्हणे, या गावात आलेला पहिला कोकणी मीच, आणि ह्यांना दुसरा साक्षीदार काही मिळेना. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत सलाम घेतला नाही. मी वैतागले, पण माझा नवरा लबाड नाही याचा अभिमानही वाटायचा. तसं त्यांना मी कधी म्हटलं नाही.

पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण कापडवाल्या भाईंचं होतं. भाई आमच्याकडे जेवायला यायचे. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचा रस्सा समोर आला की त्यांची जीभ सुटायची. जेद्दाहून ताग्यांचे गठ्ठे ट्रकमधून कसे आणले, गारांच्या पावसात पहिला माल कसा भिजला, दुकान उभं करताना बायकोचे दागिने कसे गेले, सगळं रंगवून सांगत. दुकान त्यांचंच. पण परवाना आणि पाटी कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी माणसाच्या नावाची, आणि भाईंच्या इकाम्यावर, तिथं राहायच्या कार्डावर, धंदा लिहिलेला ‘सेल्समन’. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. आमच्याकडचे निम्मे धंदे असेच चालत.

मग सौदीकरणाचे दिवस आले. आधी मोबाईलच्या दुकानांतली माणसं गेली, मग एकेक धंदा करत कापडावर आलं. गल्ल्यावर सौदीच बसला पाहिजे असा हुकूम निघाला. दुसऱ्याच्या नावावर दुकान कोण चालवतो, याची तपासणी सुरू झाली. ओळखीची घरं एकामागून एक रिकामी व्हायला लागली. कुणाचा फ्रीज, कुणाचे पडदे आमच्याकडे येऊन पडले. मला त्या वस्तूंकडे बघवत नसे.

ह्यांची घाई वाढली. माणसं निघून गेली तर विचारायचं कुणाला? पण आता ह्यांना बघून लोक गप्प व्हायला लागले. कुणी कुणाच्या व्हिसावर आलं, दुकान खरं कुणाचं, हेच तर हे विचारत फिरायचे, आणि तपासणीवालेही नेमकं तेच विचारत होते. एकाने तोंडावर सुनावलं, ‘सर, तुमच्या हिस्टरीपायी आम्ही आत जाऊ.’ त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. मला त्या माणसाचा राग आला आणि ह्यांचाही आला, कारण तो माणूस खोटं बोलला नव्हता.

भाईंचं दुकान कफीलने आपल्या पुतण्याला दिलं. भाईंच्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं परत जायचा शिक्का लागला. जायच्या आधी ते घरी आले, पण जेवायला बसले नाहीत.

‘सर, मना मालक लिवू नका,’ ते म्हणाले. ‘सेल्समन म्हणून लिवा.’

‘भाई, तुम्ही मालक होतात. मी दोघांकडून खात्री केलीय.’

‘माजा पोरगा हितंच हाय अजून. त्याच कफीलच्या हाताखाली.’

‘मग नाव काढून टाकतो.’

‘नाव काढून काय होतंय? कापडाचं दुकान आपल्यात येकच होतं.’

‘मग ते प्रकरणच गाळतो.’

‘गाळू नका, सर. मी हितं नव्हतोच काय?’

आपल्या माणसांचा खरा इतिहास लिहायचा तर तो त्याच माणसांच्या मानेवर ठेवावा लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, आणि मला रडू आलं.

भाई विमानतळावर निघायच्या दिवशी ह्यांनी त्यांना ते पान वाचून दाखवलं. ट्रक नव्हता, गारा नव्हत्या, दागिने नव्हते. बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात ते सेल्समन म्हणून नोकरीला होते, एवढं होतं. वाचताना ह्यांचा आवाज शाळेतल्या फळ्यासमोर असतो तसा सपाट होता.

भाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मान हलवली. मग चपला घालता घालता थांबले.

‘मालक भला माणूस होता,’ म्हणाले, ‘येवढं लिवा.’

ह्यांनी तेही लिहिलं.