नाव घालायचं नसतं

माझं पहिलं पुस्तक लिहायला दोन वर्षं लागली आणि हरवायला एक पोस्टकार्ड पुरलं. हे सांगितलं की लोक हळहळतात. मला मात्र तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. त्या सगळ्या काळात मला फारसं काही वाटतच नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी उगाच वाट बघत बसायला नको.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पेणला गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करायचे. माती, साचा, घासकाम, रंग, हे बाकीच्यांचं काम. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते आबांनीच काढायचे. आबा आले की कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा. ते चूळ भरायचे, आपला श्वास मूर्तीला लागू नये म्हणून नाकातोंडावर रुमाल बांधायचे आणि बारीक कुंचल्याने पापणीची रेघ एका दमात ओढायचे. रेघ जराशी हलली तर नंतर सावरता येते, पण मध्ये थांबलेली रेघ कायम दिसते, असं ते म्हणायचे. पेणमध्ये त्यांना सगळे ओळखायचे. पेणबाहेर कोणीच नाही, कारण आमच्या कामात मूर्तीवर नाव घालायची पद्धत नाही.

मी त्या कामात गेलो नाही. माझ्या हाताने काढलेले डोळे बघून आबा एकदा म्हणाले होते, "ह्याला झोप आलीय रे." मी रोह्याला केमिकल कंपनीत लागलो. नदीपलीकडच्या अष्टमी गावात भाड्याची खोली, पूल ओलांडला की कंपनीची बस, आणि आठवडाभर शिफ्ट. रविवारी सुट्टी मिळाली तर एसटीने वडखळवरून पेण. कंपनीच्या वासाला नाक दोन महिन्यांत मेलं. बाकीचं काय काय मेलं ते नंतर कळलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी आबांचा हात कापायला लागला. चहाची बशी वाजायची, तेव्हा आईने त्यांना पेला द्यायला सुरुवात केली. त्या मोसमात आखणीला दुसऱ्या माणसाला बोलावलं. आबा तरीही रोज कारखान्यात जायचे आणि दाराशी स्टुलावर बसून राहायचे. मी रविवारी जाऊन ते बघायचो. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं मला कळत होतं. वाटत नव्हतं. आपण असे कसे, या विचाराने मी वैतागायचो, आणि त्या वैतागातच मी लिहायला बसलो. आबांचं काम कसं चालायचं, एवढंच. फर्स्ट शिफ्ट करून तीनला खोलीवर यायचं, मांडीवर पाट घ्यायचा आणि फुलस्केप कागदावर लिहायचं. पुस्तक वगैरे डोक्यात नव्हतं. कागद वाढत गेले, मग लाजतच त्याला पुस्तक म्हणायला लागलो.

पहिलं प्रकरण मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरं हाय," ते म्हणाले. "पण रुमाल पांढरा लिवलास. तो पंच्याचा तुकडा होता, लाल काठाचा."

मी दुरुस्ती केली. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर नाव घालणार हायेस?"

"पुस्तकावर घालतात, आबा."

"गणपतीवर घालतो का आपण? डोळे आपण काढतो, बघतो तो. नाव नाय घालायचं."

मला ते पटलं असं नाही. पण त्यांच्याकडून तेव्हा सगळंच सुटत चाललं होतं, तेवढ्या एका गोष्टीवर वाद घालणं माझ्याच्याने होईना. पुस्तक पुरं झालं तेव्हा मी एका पानावरही नाव लिहिलं नाही. पुस्तकालासुद्धा नाव दिलं नाही. नाव आणि पत्ता फक्त सोबतच्या पत्रात लिहिला, आणि ते पत्र टाचणीने पहिल्या पानाला लावलं. रोह्याच्या पोस्टातून पुण्याच्या एका प्रकाशनाला रजिस्टर्ड पार्सल केलं. दुसरी प्रत नव्हती. मूर्तीची कुठे दुसरी प्रत ठेवतो आपण? असलं काहीतरी शहाणपण तेव्हा सुचलं असावं.

पोचपावती आली. आबांना दाखवली. ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली.

त्यानंतर दर रविवारी एकच प्रश्न. "छापलं का?" मी म्हणायचो, अजून नाही. सहा महिन्यांनी मी प्रकाशनाला चौकशीचं पत्र टाकलं. पोस्टकार्डावर उत्तर आलं: आपल्या नावाचे कोणतेही हस्तलिखित आमच्या नोंदीत नाही. टाचणी कुठे पडली असेल, पत्र कुठे गेलं असेल, देव जाणे. नाव नसलेलं पुडकं तिथे कुठल्या ढिगात पडलं असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. पोचपावती नाचवत पुण्याला जाऊन भांडता आलं असतं. एरवी मी कॅन्टीनच्या पाणचट आमटीवरून भांडणारा माणूस. पण ते कार्ड वाचून मी खिशात घातलं आणि सेकंड शिफ्टला गेलो. आठ तास मीटरचे आकडे लिहिले, एकही चुकला नाही.

त्या रविवारी आबांनी विचारलं, "छापलं का?"

"छपाईला गेलंय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. "मग ठीक हाय. वाळायला वेळ लागतोच."

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. दर रविवारी मी छपाई थोडी पुढे सरकवायचो. कधी कागद आला नाही, कधी मशीन बिघडलं. आबांना ते पुस्तक हातात घ्यायचं होतं, दुसरं काही नको होतं, आणि मला ते ठाऊक होतं. तरी मी पुण्याला गेलो नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आबांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

आषाढात ते गेले. कारखान्यांत ऐन मोसम होता, पांढऱ्या मूर्ती रस्त्यापर्यंत मांडलेल्या. रंगाच्या हातांनीच माणसं खांदा द्यायला आली आणि तशीच कामावर परत गेली. आई मला म्हणाली, "रड रे एकदाचा. असा काय बघत बसलायस?" मी खरंच प्रयत्न केला. बाराव्यानंतर मी रोह्याला परतलो, आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाला की माझी लॉगशीट सगळ्यांत नीट असते.

महिन्याभराने पेणच्या पत्त्यावर पुण्याचं पाकीट आलं. वर माझं नाव. आत चार ओळी होत्या: हस्तलिखित स्वीकारलं आहे, भेटायला यावं. मी ते तीनदा वाचलं. त्यांच्या नोंदीत नसलेलं पुस्तक त्यांनी स्वीकारलं कसं, आणि माझा पत्ता कुठून काढला, हे कळेना. रजा टाकून पेणहून पुण्याची गाडी धरली.

प्रकाशिका साठीच्या बाई होत्या. टेबलावर माझे फुलस्केप कागद, लाल दोऱ्याने बांधलेले. "तुम्ही कसले लेखक हो?" त्या हसत म्हणाल्या. "ना लेखकाचं नाव, ना पुस्तकाचं. आमच्याकडे नोंद लेखकाच्या नावाने होते. हे पडून होतं. एप्रिलात एका वळवाच्या दुपारी काढून वाचलं आणि खालीच ठेववेना. पण लेखक कुठे शोधायचा?"

त्यांनी पेणच्या वाचनालयाला पत्र घातलं होतं: तोंडाला लाल काठाच्या पंच्याचा तुकडा बांधून गणपतीचे डोळे काढणारे गृहस्थ कोण, त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलं आहे का? ग्रंथपालाला विचार करावाच लागला नाही. ते पत्र घेऊन तो थेट आमच्या घरी गेला.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं, पण उत्तर तुमच्या वडिलांनी पाठवलं," बाई म्हणाल्या. "मेमध्ये. आमचा निर्णय व्हायला उशीर झाला. कसे आहेत ते?"

मी सांगितलं. त्यांनी फाइलमधून एक पोस्टकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

मेमध्ये. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी आबा विसरले नव्हते. छपाईला काही गेलेलं नाही, कागद आणि मशीन सगळं मी रचलेलं आहे, हे त्यांना ग्रंथपालाकडून कळलं होतं. म्हणून त्यांनी विचारणं सोडलं होतं. मला आणखी खोटं बोलावं लागू नये, एवढ्यासाठी.

कार्डावर पेनाने लिहिलेल्या तीन ओळी होत्या, मुंग्या चालल्यासारख्या. *लिखाण माझ्या मुलाचे आहे. तो रोह्यास असतो. मी कळविले हे त्यास सांगू नये. पुस्तकावर नाव घालण्यास हरकत नाही.* खाली घरचा पत्ता. आणि त्याखाली माझं नाव, पेनाने नव्हे, काळ्या रंगात, आखणीच्या कुंचल्याने. रेघ पार हलली होती. पण एकाही अक्षरात मध्ये थांबली नव्हती. कापत्या हाताने त्यांनी श्वास किती धरला असेल, ते मी बघत राहिलो.

"नाव असंच छापू ना?" बाईंनी विचारलं. "मधलं नाव दिसत नाहीये यात."

तोवर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं नाव आणि आडनाव, एवढंच होतं. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. ते त्यांनी घातलं नव्हतं.

बाईंनी करारपत्र पुढे सरकवलं. लेखकाचं संपूर्ण नाव, अशी त्यावर एक जागा होती. मी पेन उचललं. समोरची अक्षरं ओली दिसायला लागली, आणि बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी माझं नाव लिहिलं. मग श्वास धरला आणि आबांचं नाव लिहिलं, मध्ये न थांबता.