पळपुटी

पळपुटी कुठल्याही खोलीत शिरली की आधी बाहेर पडायचं दार शोधायची. माझ्या बहिणीच्या लग्नाला तिला ठाण्याच्या हॉलमध्ये नेलं, तर बाईसाहेब नवरीकडे बघायचं सोडून मागच्या दाराला कुलूप तर नाही ना, ते बघून आल्या. खरं नाव सुगंधा. नर्सिंगच्या आमच्या वर्गाने तिची पळपुटी केली आणि तिनेही ते हसत चालवून घेतलं. आता घोडबंदर रोडच्या माझ्या हॉस्पिटलात मागच्या दारापुढे कोणी साधं स्टूल ठेवलं तरी मी भांडते. ही खोड तिचीच.

आगीची भीती, भूकंपाची भीती, लिफ्टची तर विचारूच नका. कॉलेजात आपत्तीचा सराव असला की जखमींचं सोंग घेतलेल्या मुलींच्या गळ्यात लाल-पिवळ्या चिठ्ठ्या अडकवायचे, मेलेल्यांच्या गळ्यात काळी. आम्हाला त्यात नर्स व्हायची हौस. ही मात्र काळी चिठ्ठी मागून घेऊन झाडाखाली आडवी. "मेलेल्याला कोणी काही करायला सांगत नाही गं," म्हणायची. एकदा मेलेली असताना सणसणीत शिंकली.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, "वॉर्डात आग लागली तर काय कराल?" पेशंटसाठी प्राण देईन, असं मी ठणकावून सांगितलं. पळपुटी म्हणाली, "मॅडम, मी पळून जाईन."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "एकदा जरी ड्युटीवरून पळालीस ना, तर वडिलांना बोलावून घरी पाठवीन."

वडील खाडीकाठच्या गावातले, पोरीला घरी न्यायला टपलेलेच. त्या संध्याकाळी ती खूप रडली. "मला हेच काम करायचंय गं. पण खरंच पळाले तर?" मला तिचं फार वाईट वाटलं. हसूही आलं, काय करणार!

पुढे कॉलेजकडूनच कल्याणच्या एका हॉस्पिटलात, तळमजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात आमची ड्युटी लागली, देखरेखीला याच मॅडम. पहिल्याच दिवशी हिला दिसलं, मागच्या दारापुढे सलाईनचे खोके रचलेत. झालं! चहाच्या वेळी "सिस्टर, ते खोके", औषधांच्या वेळी "सिस्टर, ते खोके". शेवटी इनचार्ज सिस्टर वॉर्डबॉयवर ओरडल्या, "हलव बाबा ते, नाहीतर ही माझं डोकं खाईल!" दार मोकळं झालं.

आणि एका दुपारी वॉर्डातल्या एसीतून भसाभस धूर यायला लागला. पुढच्या दाराशी एकच रेटारेटी. प्राण देणारी मी भिंतीला चिकटून किंचाळत होते. पळपुटी मात्र पळाली. दोन्ही हातांत दोन बाळं, आणि ओरडतेय, "माझ्या मागनं या गं सगळ्या! इकडनं, इकडनं!" मागच्या दाराने सगळ्या बाळंतिणी लेकरांना घेऊन आवारात पोचल्या. त्यांच्या मागोमाग मीही.

मॅडम धावत आल्या. ती बाळं त्यांच्या आयांच्या हातात देऊन पळपुटी पायरीवर बसली होती. मॅडमना बघून धडपडत उठली.

"मॅडम, मी सांगितलं होतं ना," ती हुंदके देत म्हणाली, "पळालेच मी. आता बाबांना बोलावणार?"