चौकशी एका देशाची

युद्ध संपून काही महिने झाले होते. मी तेव्हा सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स होते. नव्या बांगलादेशात पडझड झालेले दवाखाने पुन्हा सुरू करायला एक तुकडी निघाली होती. काम सहा महिन्यांचं. मेट्रनबाईंनी माझं नाव घातलं आणि घरची संमती तेवढी आणायला सांगितलं. मला जायचंच होतं. एसटीनं मेढ्याजवळच्या आमच्या गावी आले.

आईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं संमतीचा कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "आदी चवकशी करू."

आमच्याकडे चौकशी एकाच प्रकारची, स्थळाची. त्यात घरच्या माणसांना काही विचारायचं नसतं, ती गोडच बोलणार. शेजाऱ्यांना विचारायचं. आईनं अख्ख्या देशाला तोच नियम लावला. अडचण एवढीच, की त्या देशाचे शेजारी आम्हीच होतो.

पहिल्यांदा मामांना धरलं. ते पेन्शनीतले सुभेदार, ब्रह्मदेशात लढलेले. बांगलादेश त्यांनी पाहिला नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

"लय जंगल. जळवा ह्या बोटाएवढ्या!"

"मामा, त्या ब्रह्मदेशातल्या."

"जळवांना काय सरहद्द कळती व्हय, पोरी?"

आईनं जळवा लक्षात ठेवल्या.

मग रेडिओ. त्यात तो देश झपाट्यानं सावरत होता. दोन दिवस शिळ्या पेपरात मात्र पूल पडलेले, धान्य नाही. एका आठवड्यात बिचारा देश आमच्या सोप्यात तीनदा उभा राहिला आणि तीनदा कोसळला. आईची खात्री झाली, की ही माणसं काहीतरी लपवतायत.

मग आम्ही सांगलीला, आमचा गूळ ज्यांच्याकडे जायचा त्या जैन अडत्यांकडे गेलो. ते म्हणाले, "तागाचा मुलूख हाय तो. पोतं बघा, देश कळंल." त्यांनी एका पोत्याचे धागे उसवून पाहिले आणि मान हलवली. मला हा माणूस सगळ्यांत शहाणा वाटला. निदान त्याच्या हातात काहीतरी होतं. नंतर कळलं, ते पोतं कलकत्त्याचं होतं.

असे तीन आठवडे गेले. शेवटी पाटणला आमच्या नात्यातला एक जवान रजेवर आलाय असं कळलं. तो खरोखरच तिकडे जाऊन आला होता. आई, मामा आणि मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"मी एक रस्ता बघितला," तो म्हणाला. "आन् एक पूल, पडलेला. बाकीचं मला म्हाईत न्हाई."

मामांनी तोंड फिरवलं. असला साक्षीदार काय कामाचा!

आईनं विचारलं, "बायामाणसं कशी हायती रं तिकडं?"

तो म्हणाला, "अर्धं छप्पर उडालेल्या घराम्होरं एक म्हातारी अंगण सारवत व्हती, मावशे. आमी दिसंनासं हुईस्तवर सारवतच व्हती."

आईनं पिशवीतून तो कागद काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अंगठा कुठं लावायचा?"

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. तुकडी चार दिवसांपूर्वीच गेली होती. माझ्या जागी माधवनगरची एक मुलगी गेली. तिच्या वडिलांनी गिरणीच्या फाटकाशी उभ्या उभ्या सही दिली होती. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. आईचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. त्या चौकशीला दोन दिवस पुरले. मुलगा नोकरीत, माणसं बरी, पाणी दारात. कुणी धागा उसवला नाही, कुणी पाटणला गेलं नाही. सहा महिन्यांसाठी जिनं अख्खा देश तपासला, तिनं जन्मभरासाठी एका दमात होकार दिला.

पाणी तेवढं खरंच दारात होतं.